मधलं पद फोडताना साठ कुठून आले? (नववी, अवयव / गुणनखंड)

सुदामानगर_आई | मंगळवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, एमपी बोर्ड, हिंदी माध्यम. बहुपदांचा धडा चालू आहे. गणित तिला आवडतं, रडारड अजिबात नाही, पण एका ठिकाणी ती अडली आहे. मलाही नीट सांगता येत नाहीये, म्हणून इथे विचारते.

क्ष² + ७क्ष + १२ असं आलं की ती पटकन करते. गुणाकार १२, बेरीज ७, म्हणजे ३ आणि ४. उत्तर (क्ष + ३)(क्ष + ४). पण ६क्ष² + ११क्ष − १० आलं की ट्यूशनमध्ये सांगितलेलं करते: ६ ला १० ने गुणा, ६० आले, आता ६० चे असे दोन तुकडे शोधा की फरक ११ येईल. १५ आणि ४. इथपर्यंत जमतं. मग विचारते, "आई, ६ आणि १० चा गुणाकार का केला? ते तर एकमेकांच्या शेजारीसुद्धा नाहीत." ट्यूशनमध्ये विचारलं तर "ऐसा ही होता है, याद कर लो" असं उत्तर मिळालं. मी स्वतः शाळेत पाठच केलं होतं, त्यामुळे तिला काय सांगू?

त्यात घरात शब्दांचा गोंधळ. सासूबाई इथल्या मराठी शाळेत शिकल्या. त्या म्हणतात, "आधी सामाईक काढ, मग अवयव पाड." हिच्या पुस्तकात गुणनखंड. त्या मसावि म्हणतात, ही म.स. म्हणते. काल विचारत होती, "आजी, अवयव म्हणजे हात-पाय ना? ते कशाला पाडायचे?"

(टाइप करताना क्ष लिहिते आहे, वहीत एक्सच आहे.)

---

दांडियाबाजार_वडोदरा | मंगळवार, रात्री १०.१५

ताई, तुमच्या सासूबाईंना सांगा, इकडे बडोद्यात त्यांचाच शब्द चालतो. गुजराती माध्यमाच्या पुस्तकातही "अवयव पाडो" असंच असतं. मसाविला मात्र इथे गु.सा.अ. म्हणतात, गुरुतम सामान्य अवयव. माझी भाची इथे गुजरातीतून शिकते, भाऊ पुण्यात मराठीतून शिकला, आणि दोघं फोनवर एकमेकांना अवयव समजावतात तेव्हा अडत नाहीत.

गणिताचं उत्तर जाणकार देतीलच. मी वाचनखूण साठवून ठेवते.

---

खजुरीबाजार | मंगळवार, रात्री १०.४०

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना गणित शिकवतो. माझं मत थोडं वेगळं आहे. परीक्षेत एका उदाहरणाला दोन-तीन मिनिटं मिळतात. आधी हात बसू द्या, रोज दहा उदाहरणं. "का" हे हात बसल्यावर आपोआप कळतं. पोरगी हुशार आहे म्हणून विचारते आहे, पण आत्ता त्यात अडकून राहिली तर धडा मागे पडेल.

एक सवय मात्र आजपासून लावा. ६० च्या सगळ्या जोड्या क्रमाने लिहायच्या: १-६०, २-३०, ३-२०, ४-१५, ५-१२, ६-१०. बस, सहाच आहेत. मुलं मनातल्या मनात शोधत बसतात आणि वेळ तिथे जातो.

---

रामबाग_बाई | बुधवार, सकाळी ७.०५

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, मराठीतून आणि हिंदीतून. खजुरीबाजार, तुमच्या जोड्या क्रमाने लिहिण्याला पूर्ण अनुमोदन. पण "का" आपोआप कळतं हे मला कधी दिसलं नाही. समोर बसलेल्या आईला तरी कुठे कळलं होतं? त्यांनीच लिहिलं आहे. ज्या मुलीने स्वतःहून विचारलं, तिला त्याच दिवशी सांगायला हवं.

ताई, आज संध्याकाळी तिला उलटं करायला सांगा. उत्तर आधी द्या. (३क्ष − २) आणि (२क्ष + ५) यांचा गुणाकार कर, पण शेवटी मधली दोन पदं मिळवू नकोस, तशीच ठेव. चार घरांची चौकट काढा. डावीकडे उभे ३क्ष आणि −२, वर आडवे २क्ष आणि ५. घरं भरली की असं दिसेल:

वरच्या ओळीत: ६क्ष² आणि १५क्ष
खालच्या ओळीत: −४क्ष आणि −१०

आता तिरकस पाहायचं. ६ आणि −१० समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत. १५ आणि −४ दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. एका तिरक्या रेषेवरचा गुणाकार −६०, दुसऱ्या रेषेवरचाही −६०. हा योगायोग नाही. ६ कुठून आला? ३ × २. −१० कुठून आला? −२ × ५. म्हणजे त्या रेषेत ३, २, −२, ५ हे चारही आकडे एकेकदा आले. १५ म्हणजे ३ × ५, −४ म्हणजे −२ × २. पुन्हा तेच चार आकडे, फक्त जोड्या बदलल्या. चार आकडे तेच असतील तर जोड्या कशाही लावा, सगळ्यांचा गुणाकार एकच.

म्हणून ६ ला −१० ने गुणतात. आपल्याला प्रश्नात पहिल्या रेषेचे दोन्ही कोपरे दिलेले असतात. दुसऱ्या रेषेवरच्या दोघांची फक्त बेरीज दिलेली असते, ११. त्यांचा गुणाकार दिलेला नाही, पण तो पहिल्या रेषेवरून कळतो. बेरीज कळली, गुणाकार कळला, आता ते दोघे शोधायचे. "मधलं पद फोडणं" म्हणजे गुणाकार करताना मिसळलेली ती दोन पदं पुन्हा वेगळी करणं.

अजून एक. "फरक ११" हा शब्द तिच्या वहीतून काढून टाका. शेवटचं पद उणे असेल तर फरक, अधिक असेल तर बेरीज, असे दोन नियम शिकवतात आणि मुलं चिन्हात चुकतात. नियम एकच आहे: बेरीज ११, गुणाकार −६०, चिन्हासकट. गुणाकार उणे म्हणजे एक धन, एक ऋण. बेरीज धन म्हणजे मोठा आकडा धन. १५ आणि −४. दुसरं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

आजींचा शब्दही तिला नीट सांगा. अवयव म्हणजे शरीराचे भाग हे बरोबरच आहे. १२ चे अवयव ३ आणि ४, तसे या राशीचे अवयव हे दोन कंस. आणि "पाडणं" म्हणजे आपण पैलू पाडतो, तुकडे पाडतो, तसं.

---

सुदामानगर_आई | बुधवार, रात्री ८.३०

बाई, दंडवत. चौकट काढली. तिने आधी माझ्याकडून तीन वेगळे गुणाकार करून घेतले आणि प्रत्येक वेळी तिरके गुणाकार तपासले. मग म्हणाली, "हे तर पहिल्यांदाच सांगायला पाहिजे होतं."

पण मग तिने स्वतः तेच उदाहरण केलं आणि अशी अडकली:

६क्ष² + १५क्ष − ४क्ष − १०
= ३क्ष(२क्ष + ५) − २(२क्ष − ५)

पुढे काय करायचं कळेना. खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा तिथेच.

---

रामबाग_बाई | बुधवार, रात्री ९.००

ही चूक मी वर्गात इतक्या वेळा पाहिली आहे की वही न बघता सांगू शकते. −४क्ष − १० मधून −२ बाहेर काढला. आत २क्ष राहिला, बरोबर. −१० ला −२ ने भागलं तर +५. तिने −१० मधला उणे पाहून आत उणेच ठेवला. बाहेर जाणारा उणे आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलून जातो.

पण तिला म्हणावं, शाबास, तू थांबलीस. दोन कंस सारखे आले नाहीत, म्हणजे आधी कुठेतरी चुकलं. तोच इशारा आहे. काही मुलं तिथे न थांबता (२क्ष + ५)(३क्ष − २) असं उत्तर मागून पाहून लिहून टाकतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

−२(२क्ष + ५) केलं की दोन्हीकडे (२क्ष + ५) आला. तो सामाईक. उरले ३क्ष आणि −२. झालं.

आता तिला −४क्ष आधी आणि १५क्ष नंतर लिहून करायला सांगा. २क्ष(३क्ष − २) + ५(३क्ष − २). कंस वेगळा निघाला, उत्तर तेच. मुलांना वाटतं क्रमावर काहीतरी अवलंबून आहे. नाही.

---

होळकर_सायन्स_जुना | बुधवार, रात्री १०.२०

बाईंची चौकट सुंदर आहे. मला तोच ६० दुसऱ्या वाटेने दिसतो, तोही ठेवून जातो.

मुलीला क्ष² चा सहगुणक, म्हणजे त्याच्या आधीचा आकडा, १ असेल तर जमतं. मग ६क्ष² ला तसं करून घेऊ. सगळ्या राशीला ६ ने गुणू:

३६क्ष² + ६६क्ष − ६०

३६क्ष² म्हणजे (६क्ष)², ६६क्ष म्हणजे ११ × ६क्ष. आता ६क्ष ला म म्हणा. म² + ११म − ६०. हे तर तिच्या हातचं! (म + १५)(म − ४). म च्या जागी ६क्ष परत ठेवा: (६क्ष + १५)(६क्ष − ४). पहिल्यातून ३ निघतो, दुसऱ्यातून २. दोघांचा मिळून ६. आपण सुरुवातीला लावलेला ६ तोच, तो काढून टाकला की (२क्ष + ५)(३क्ष − २).

म्हणजे ६० हा शेवटच्या १० ला ६ ने गुणून आला.

"आधी गुणा, मग सोपं होईल" हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. हिंदी माध्यमात वर्गसमीकरणाच्या सूत्राला श्रीधराचार्य सूत्र म्हणतात, ते उगाच नाही. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितात त्यांचा नियम त्यांच्याच नावाने दिला आहे: वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणा आणि अव्यक्ताच्या (म्हणजे क्ष च्या) मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवा. आपल्याच उदाहरणावर लावून पाहा. ६क्ष² + ११क्ष = १०. सहाची चौपट २४, त्याने गुणलं: १४४क्ष² + २६४क्ष = २४०. दोन्हीकडे ११ चा वर्ग, १२१ मिळवला: डावीकडे (१२क्ष + ११)², उजवीकडे ३६१, म्हणजे १९². पुढे क्ष = २/३ किंवा −५/२. हेच तर ३क्ष − २ आणि २क्ष + ५ यांना शून्य करणारे आकडे.

यातून एक चाचणीही मिळते. मधल्या सहगुणकाचा वर्ग घ्या, त्यातून टोकाच्या दोघांच्या गुणाकाराची चौपट वजा करा. पूर्ण वर्ग आला तर पूर्णांकांत अवयव पडतात, नाहीतर नाही. १२१ + २४० = ३६१, पडतात. शेवटी −१० च्या जागी −९ असता तर १२१ + २१६ = ३३७, पूर्ण वर्ग नाही, मग ५४ च्या जोड्या शोधत बसू नये.

---

खजुरीबाजार | गुरुवार, सकाळी ८.१०

बाई, चौकटीबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो. काल रात्री बॅचला करून दाखवली, पाच मिनिटं लागली. दोन मुलांनी पहिल्यांदाच चिन्हं बरोबर लावली. ही चाचणी मात्र मी आधीपासून शिकवतो, तिने वेळ खरंच वाचतो.

माझ्याकडच्या नेहमीच्या चुका लिहितो, मुलीला उपयोगी पडतील. ५क्ष²य + ५क्ष मधून ५क्ष काढला की आत (क्षय + १) राहतो, तो १ पोरं गिळतात. पद पूर्ण बाहेर गेलं तरी जागा रिकामी राहत नाही, तिथे १ राहतो. दुसरी म्हणजे अर्धवट थांबणं. क्ष⁴ − १६ चे (क्ष² + ४)(क्ष² − ४) लिहिले आणि पेन ठेवला. क्ष² − ४ अजून फुटतो: (क्ष + २)(क्ष − २). आणि क्ष² + ४ ला (क्ष + २)² समजणं, ही तर दहावीपर्यंत जात नाही. तिथे क्ष = १ ठेवून बघायला सांगा: डावीकडे ५, उजवीकडे ९.

---

नंदलालपुरा | गुरुवार, दुपारी १.३०

माझा मुलगा आठवीत आहे, पुढे हेच येणार म्हणून वाचून राहिलो आहे. तो विचारतो, अवयव पाडून मिळतं काय? एवढी सरळ लिहिलेली राशी कंसात टाकून काय फायदा?

---

रामबाग_बाई | गुरुवार, दुपारी ४.००

दादा, त्याला गच्चीचा हिशेब द्या. आयताकृती गच्ची, लांबी रुंदीपेक्षा ७ मीटर जास्त, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. रुंदी क्ष धरली तर क्ष² + ७क्ष − ६० = ०. या रूपात बघून काही कळत नाही. अवयव पाडा: (क्ष + १२)(क्ष − ५) = ०. दोन गोष्टींचा गुणाकार शून्य आला तर त्यातली एक तरी शून्य असलीच पाहिजे. क्ष = −१२ रुंदी होऊ शकत नाही, म्हणून रुंदी ५, लांबी १२. बेरजेबद्दल असं काही म्हणता येत नाही. दोन गोष्टींची बेरीज शून्य आली तर त्या काहीही असू शकतात. म्हणून बेरजेचं रूप गुणाकारात बदलायचं.

आठवीच्या मुलासाठी आणखी सोपं: घरात जुन्या लग्नपत्रिका असतील. त्यातून ७ सेंमी बाजूचा एक चौरस, ७ × २ च्या पाच पट्ट्या आणि २ × २ चे सहा छोटे चौरस कापा. हे क्ष² + ५क्ष + ६, मोठ्याची बाजू क्ष आणि छोट्याची १ धरून. सगळे तुकडे वापरून एक पूर्ण आयत करायला सांगा. सहा छोटे एका रांगेत लावले तर पट्ट्या सात लागतात, पाचात भागत नाही. २ × ३ असे लावले की बसतं. आयताच्या बाजू क्ष + २ आणि क्ष + ३. मापं ७ आणि २ मुद्दाम घेतली आहेत. ८ आणि २ घेतली तर पट्टीच्या जागी चार छोटे चौरस बरोबर बसतात आणि मुलं तसं जुळवून मोकळी होतात.

---

लष्कर_ग्वाल्हेर | गुरुवार, रात्री ९.१५

वर्गांच्या वजाबाकीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. ती मला सगळ्यात प्रिय आहे. ४७ × ५३ किती? ५० च्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. म्हणजे (५० − ३)(५० + ३) = ५०² − ३² = २५०० − ९ = २४९१. पेन लागत नाही.

आता हेच उलटं. ९९९१ मूळ संख्या आहे का? भागत बसाल तर ९७ पर्यंत जावं लागेल. पण ९९९१ = १०००० − ९ = १००² − ३² = ९७ × १०३. ८०५१? ९०² − ७² = ८३ × ९७. फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने १६४३ च्या एका पत्रात ही रीत वापरून २०२७६५१२८१ चे अवयव पाडले. वर्गमूळ ४५०२९ च्या थोडं पुढे, म्हणून ४५०३० पासून एकेका आकड्याचा वर्ग घ्यायचा, त्यातून संख्या वजा करायची आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का बघायचं. बाराव्या आकड्याला, ४५०४१ ला, उरतात १०४०४००, म्हणजे १०२०². अवयव ४६०६१ आणि ४४०२१.

---

सुदामानगर_आई | शुक्रवार, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिने वर्गात फळ्यावर चौकट काढून दाखवली. शाळेतल्या मॅडमनी ती सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावली. घरी येऊन आजीला आधी सांगितलं, मला नंतर.

ग्वाल्हेरच्या काकांचं वाचून ती ८९९ आणि ३५९९ घेऊन बसली होती. २९ × ३१, ५९ × ६१. बाई, तिला अजून काही देता का? रविवारी वेळ आहे.

---

रामबाग_बाई | शुक्रवार, रात्री १०.०५

देते. क्ष⁴ + ४. दोनच पदं, सामाईक काही नाही, मध्ये वजाबाकी नाही. बघताना वाटेल की पडणारच नाहीत. पडतात. इशारा एवढाच: आत नसलेलं एक पद आणायचं आणि लगेच परत द्यायचं. कृपया कुणी उत्तर लिहू नका.

---

होळकर_सायन्स_जुना | शुक्रवार, रात्री १०.३०

बाई, फार छान निवडलंत. गप्प बसतो.

---

सुदामानगर_आई | रविवार, सकाळी ११.२०

पोहे गार झाले पण जमलं. काल रात्री ती २क्ष² मिळवून बघत होती, त्याने काही होईना. आज सकाळी ४क्ष² मिळवलं आणि वजा केलं. क्ष⁴ + ४क्ष² + ४ हा (क्ष² + २) चा वर्ग झाला, मागे −४क्ष², तो २क्ष चा वर्ग. ग्वाल्हेरच्या काकांची वजाबाकी! (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २).

मी विचारलं, "बरोबर आहे कशावरून?" तर तिने क्ष च्या जागी ५ ठेवले. ६२५ + ४ = ६२९. कंसांत आले ३७ आणि १७. मग सासूबाईंनी कागदावर ३७ ला १७ ने गुणलं, पाढ्याने, वरून हातचा घेत, आणि म्हणाल्या, "सहाशे एकोणतीस. बरोबर."